पाण्याला पाट

मालिनेओ दगड उचलताना आधी त्याचं बूड बघते.
ज्याला बूड नाही तो बाजूला फेकते.
"हा माझ्या नवऱ्यासारखा," म्हणते, "कुठं टेकायचाच नाही."
घळीत उतरलेल्या अकराजणी हसतात,
ब्लँकेटं कमरेला खोचून.
मीही हसते. हजेरी माझ्याकडे असते,
हसण्याचा रकाना तीत नाही.

मालिनेओच्या लग्नात ही घळ नव्हती.
तिच्या बापाला दिलेल्या गाई इथूनच वर आल्या,
खूर बुडवत, ओलं गवत तुडवत.
पुढं लोकरीला भाव आला. मेंढ्या वाढल्या,
गवताची मुळं आखूड होत गेली.
माथ्यावरची पाणथळ
सगळा हिवाळा थेंबथेंब उसनं द्यायची,
आणि कधी मागायला यायची नाही.
ती एका उन्हाळ्यात फाटली.
फट एवढीशी होती. पोरं तिच्यावरून उड्या मारायची.
मग मारीनाशी झाली.
मग खोआबाने म्हाताऱ्याचा बैल पडला.

आता तळाशी उभं राहिलं
की आभाळ चिंधीएवढं.
भिंतीतून मुळं लोंबतात,
वर झाड नाहीच, कधीचं गेलं.
आणि खाली, दोन डोंगरांपलीकडं,
आमचं शेत चहासारखं वाहत
कुणाच्या तरी धरणात जाऊन बसतं.

आम्ही पहिला बांध छातीएवढा रचला.
खोआबाने काठावर बसून बघत होता.
तीस वर्षं वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत,
आता एका वाक्याला त्याला दोन श्वास लागतात.
"खाली आम्ही छताला टेकू लावायचो,"
श्वास,
"छत थांबावं म्हणून नाही.
आपल्याला पळायला वेळ मिळावा म्हणून."
श्वास.
"पाणी अडवू नका, बायांनो. त्याला उशीर करा."

कुणी ऐकलं नाही. मजुरी घनमीटरवर होती.

डिसेंबरात गारा आल्या, मेंढीच्या डोळ्याएवढ्या,
आणि त्यांच्यामागून पाणी,
घरात मयत झाल्यासारखं धावत.
सकाळी बांध नव्हता.
मालिनेओ अर्धा मैल खाली चालत गेली
आणि गोठ्याच्या कडेला एकेक दगड ओळखत राहिली:
हा माझा. हा माझा. हा पुलेंगचा, बिनबुडाचा.

मग आम्ही गुडघ्याएवढे रचले.
एक नाही, एकोणीस. पायरीखाली पायरी,
मध्ये वाकडे, कडेला उंच.
फटींत गवताचे गड्डे, माथ्यावरून
डोक्यावर वाहून आणलेले, मुळांची माती सांभाळून.
पाण्याला पाट दिला,
वाहायचा नव्हे, बसायचा.
ये. टेक जरा. एवढी घाई कसली?

ते लगेच बसलं नाही.
दोन बांध त्यानं कडेनं पोखरले,
तिसऱ्यावर मोखेथीनं बंदी मोडून मेंढ्या घातल्या.
पंचांनी त्याला एक कोकरू दंड केला,
तो महिनाभर आमच्याकडं पाठ करून शीळ घालत होता.

पण गाळ राहिला. बोटभर, मग वीतभर.
गाळात काहीतरी हिरवं आलं, कुणी न लावता.
आणि जुलैमध्ये, जेव्हा इथं फक्त दगड असायचे,
नवव्या आणि दहाव्या बांधामध्ये
बर्फाच्या पापुद्र्याखाली पाणी जागं होतं.

मोखेथीच आला. तोंडानं काही बोलला नाही,
पत्र्याचा मग पुढं केला.
आत करंगळीएवढा मासा,
अंगावर राखाडी ठिपके, रागावलेला.
खोआबाने बराच वेळ वाकून राहिला.
"हा," श्वास, "मी खाणीत जायच्या आधी," श्वास,
आणि पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं.
मालिनेओनं मग पाण्यात उपडा केला.

मी वहीत लिहिलं: सोमवार. बायका अकरा. मासा एक.

साहेब महिनाअखेरी येतील
आणि विचारतील,
याची मजुरी किती लावली.