मिठाची पोती

सोमवारी लाँचमधून मी समुद्र नेतो.
पेणचं खडेमीठ, पन्नास किलोची चार पोती,
साताऱ्याहून टेम्पोनं बामणोलीच्या धक्क्यावर येतात,
वर निळ्या शाईत वजन, बुडाशी ओल.
टेंभ्यावर स्पा निघालाय. तिथं टाक्यांत
धरणाचं गोडं पाणी तापवतात, मीठ ढवळतात,
पाटीवर लिहितात : सागरस्नान.

टेंभा म्हणजे आमच्या गावाचं मुंडासं.
बाकीचं अंग पाण्याखाली.
वर राहिले म्हसोबा, दोन हिरडे
आणि गुरं दुपारी टेकायची ती जागा.
आता बारा खोल्या, पांढरे पडदे.
ठाण्याची एक बाई दगड गरम करते
आणि पाहुण्यांच्या पाठीवर ओळीनं मांडते.
दगड मीच वेचून दिले, नगाला पाच रुपये,
गुळगुळीत, तळहाताएवढे.
एकाला टाकीचे घाव होते, कुणाच्या तरी पाट्याचा तुकडा.
तो परत पाण्यात सोडला. पाच रुपये गेले.

मेमध्ये अडचण होते.
पाणी उतरतं. आधी बांध दिसतात,
मग विहिरीचा काठ,
मग सरळ गाडीवाट, काठापासून टेंभ्यापर्यंत,
कोरडी, भेगाळलेली.
बेट राहत नाही.
कोंडाबाई सपकाळ दुधाची किटली घेऊन
चपला न भिजवता
स्पाच्या स्वयंपाकघरात पोचते.
आणि नेमकं तेव्हाच बुकिंग फुल्ल.

पेठकर मॅनेजर म्हणाले, हैबती,
पलीकडच्या अंगानं आण त्यांना.
सोळशीच्या तोंडाशी जा, वळ, सावकाश ये.
बेटावर आल्यासारखं वाटलं पाहिजे.
डिझेल त्यांचं, फेरीमागे दीडशे वर.

म्हणून दहा मिनिटांची वाट
मी पाऊण तासात नेतो.
वाट दिसेल तिथं बोट दाखवतो दुसरीकडं :
तो बघा वासोटा.
सगळे वासोट्याचा फोटो काढतात.

परवा एकानं विचारलं, खोली किती?
म्हटलं, साडेआठ हजार, नाष्ट्यासकट.
पाण्याची हो, तो हसला.
दोन पुरुष, म्हटलं.
इंजिन मंद होतं, खाली आमचं खाचर.
खरं तर तीन, पणजा धरून.
पण तो हिशेब त्यानं विचारला नव्हता.

त्याच्या पोरीनं बोट बुडवून चाटलं.
शिवसागर ना? मग खारट का नाही?
आई म्हणाली, नाव आहे गं ते नुसतं.
पोरीनं माझ्याकडं बघितलं.
मी सुकाणू बघत होतो.

सांजेला टाक्या रिकाम्या करतात.
मोरीचं पाणी उतारानं येतं, दगडावर पांढरं वाळतं,
आणि कोंडाबाईची म्हैस
वाट सोडून थेट तिथं जाते,
डोळे मिटून दगड चाटत राहते.
कोंडाबाई हाकलत नाही. काठी टेकून
उभी राहते, तिचं होईपर्यंत.
सकाळी तेच दूध पाहुण्यांच्या चहात.

श्रावणात बेट पुन्हा खरं होतं.
चारी बाजूंनी पाणी, धुकं, एकटा वॉचमन.
तेव्हा कुणी येत नाही.

रिकामी पोती मी घरी नेतो.
बायको तीनदा धुते, वाळवते,
दिवाळीनंतर त्यांतच तांदूळ भरते.
पहिल्या वर्षीचा भात जरा खारट लागला.
जेवताना कुणी काही बोललं नाही.
थोरल्यानं आणखी वाढून घेतला.