कोल्हापूर २४

खरवडताना आधी हिरवा निघाला.
राज्यमार्गाचा हिरवा. त्याचे डबे मीच आणले होते
लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून, सायकलच्या कॅरेजला बांधून,
आणि पुलावर एका डब्याचं झाकण उडालं होतं.
कठड्यावरचा तो डाग बरीच वर्षं टिकला.
बायको म्हणायची, ही बघा तुमची सही.

कामच तेवढं होतं माझं:
डोक्याला रंग, अंगाला चुना, काळ्यात आकडा.
पाऊस सरला की सोळा दगड. दगडाला साडेतीन रुपये,
त्यातून केराप्पा मुकादमाचा चहा आधीच वजा.

हिरव्याखाली काळा.
तेव्हा जिल्ह्याचा रस्ता हा, मुरमाचा,
चाक रुतलं की अख्खी वाडी ढकलायला.
घाटाखालनं मीठ यायचं, सुके बांगडे यायचे,
इकडनं गूळ जायचा, आणि गुळामागनं माश्या.
मुजावर रोलरवाला म्हणायचा, बैलांच्या नालांनी खडी उखडते.
रोलर बंद पडला की हमखास म्हणायचा.
यल्लव्वा खडी फोडायची, बोटांना चिंध्या बांधून.
तिची पोर निजायची डांबराच्या रिकाम्या पिंपाच्या सावलीत,
गालावर तीट. तीही डांबराचीच.

पूर यायचा तेव्हा लोक मीटर बघायचे नाहीत, हा दगड बघायचे.
अक्षरं बुडाली, एस्टी बंद.
डोकं बुडालं, दूध बंद.

आणखी खरवडलं तर १५.
मैल होते ते. एक परिपत्रक आलं
आणि एका दुपारी मी पंधराचे चोवीस केले.
हिंदुराव पैलवान दर सोमवारी तालमीला चालत जायचा.
दगडापुढं उभा राहिला, वाचलं, खाली बसला.
'काल पंधरा हुतं की रं,' म्हणाला,
'आज काय माझ्यानं चालवायचं न्हाई.'
आणि खरंच, त्या सोमवारी तो एस्टीनं गेला.

पंधराच्याही खाली रंग नाही. छिन्नी आहे.
मोडीत कोरलेलं काहीतरी.
निवृत्त तलाठ्यांनी बोट फिरवून सांगितलं,
गावाचं नाव तेच रे, अक्षर तेवढं संस्थानाचं.
शेवटच्या अक्षराचा पाय उथळ राहिलाय.
कोरणाऱ्याची भाकरी आली असेल.
किंवा हात भरून आला असेल. माझाही येतो.

रुंदीकरण निघालं तेव्हा
वडांवर आकडे घालायला मलाच बोलावलं.
एकशे अकरापर्यंत घातले.
मग साहेबांना म्हणालो, डोळे गेले माझे.
गेले नव्हते.
पुढचे आकडे दुसऱ्या कुणीतरी घातले, वाकडेतिकडे.
पण करवतीला कुठं वाचता येतं.

आता रस्ता दिल्लीचा झालाय म्हणे.
डोकं पिवळं करायचं होतं, म्हणून तर खरवडायला बसलो होतो.
तोवर तयार पाट्याच आल्या ट्रकातून,
रात्री गाडीच्या उजेडात चमकणाऱ्या,
ज्यांना आयुष्यात ब्रश लागणार नाही.
जेसीबीवरचं पोरगं मशीन न थांबवताच ओरडलं,
'मामा, ह्यो कुठं टाकू?'

माझ्या परड्यात टाक म्हणालो.
टाकला त्यानं. तुळशीशेजारी, जरा कलता.
कोंबडी बसते त्याच्यावर.

पण एक गोष्ट सुचू देत नाही.
रस्त्यापासनं परडं अर्धा फर्लांग आत.
म्हणजे चोवीस हा आकडा आता खोटा.
एवढी वर्षं लोकांनी माझ्या आकड्यावर
चपला झिजवल्या, बैल हाकले, बाळंतिणी नेल्या.
डबा उघडून बसलोय सकाळपासनं.
चोवीसपुढं टिंब द्यावं
की राहू द्यावं तसंच.

ब्रश वाळत चाललाय.