तीनशे चौदा मिली

उद्यमबागेतल्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी,
वीस सेंटिमीटर तोंडाचं पितळी नरसाळं काढलं.
जुनं प्लॅस्टिकचं उन्हानं तडकलेलं.
आत डोलती वाटी मात्र तीच:
भरली की कलंडते, टक्,
आणि जोडीदारीण वर येते.

ईरय्यानं दवाखान्यातून सलाईनचा सेट आणला.
तीनशे चौदा मिली, थेंब थेंब.
दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एवढंच पाणी,
टक् पन्नास वेळा व्हायला हवं.

मी मराठीत मोजत होतो, तो कानडीत.
शेहेचाळीस.
नलवत्तारु.

म्हणजे गेल्या वर्षी वहीत लिहिला
त्याहून जास्तच पडला होता,
आणि मी जांबोटीच्या मामेभावाला
खोटारडा म्हणालो होतो, भर जेवणात.

खालचे दोन्ही स्क्रू अर्धा आटा वर.
पुन्हा बाटली. पाऊण तास. चहा गार.
एकोणपन्नास, मी म्हणालो.
ऐवत्तु, तो म्हणाला,
एक तुझ्या शिंकेत गेलं गा.

तिसऱ्यांदा तोंडानं मोजायचंच नाही ठरलं.
परातीत पन्नास चिंचोके,
दर टक्‌ला एक बाहेर.

आता गच्चीवर ऊन कलतंय,
सेटमध्ये पाणी संपत आलंय,
शेवटचा चिंचोका ईरय्याच्या चिमटीत
आणि वाटी काठोकाठ,
कलंडत नाही अजून.