ताण

पेशीच्या कडेला हिरव्या रेघा दिसतात,
आखूड, तिरप्या,
घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या.
बाहेर धरणारी मूठ वेगळी, आतला दोर वेगळा,
दोघांची थेट ओळखही नाही.
मध्ये टॅलिन. घड्या घालून बसलेलं.

दरवर्षी वर्गात सांगते,
ओढल्याशिवाय ते उलगडत नाही.
दोर खेचला की एकेक घडी सुटते,
आत दडलेल्या जागा उघड्या पडतात,
तिथे व्हिन्क्युलिन येऊन बसतं
आणि पकड घट्ट होते, ताण आल्यानंतर.
आकृती काढा, पाच गुण, असंही सांगते.

काचसामान धुणारे जेठाभाई.
एकोणीस वर्षांत आमचं बोलणं एवढंच :
"बेन, बीकर थई ग्या."
"त्यां मूकी दो."
माझ्या एकाही शोधनिबंधावर त्यांचं नाव नाही.

त्या ऑगस्टात विश्वामित्री फाटकातून आत आली.
वीज दुपारीच गेलेली,
इन्क्युबेटरमध्ये अकरा प्लेटी, तीन महिन्यांचं काम,
दूध केंद्रापाशी मगर दिसल्याची बातमी,
आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी,
चपला हातात.

त्यांनी दोर फाटकाच्या खांबाला बांधला,
उरलेला स्वतःच्या मनगटाला तीन वेढे,
दुसऱ्या हाताने माझं मनगट.
मधोमध पाण्याने ओढलं.
दोर ताठ झाला, त्यांचा खांदा करकरला असावा,
आणि मला ऐकू आलं,
"ताई, पाय उचलू नका. घासत या.
खड्डा आहे डावीकडे. माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको."

मराठी. स्वच्छ, दांडिया बाजारातली.
खांबापर्यंत ते बोलतच राहिले :
आई तिथे एका घरी भांडी घासायची,
हे ओट्याखाली बसून पाढे म्हणायचे,
पावकी, निमकी, सगळं अजून पाठ.

मी पाण्यात उभी,
आणि डोक्यात भलतंच,
एकोणीस वर्षं यांच्यादेखत
मी आईशी फोनवर
यांच्याबद्दल काय काय बोलले!

प्लेटी गेल्या. अकराही.
पाणी ओसरलं, भिंतींवर मातीची रेघ राहिली,
ती अजून आहे, रंगाचं टेंडर निघालेलं नाही.

ताण गेला की टॅलिन
पुन्हा घडी घालून बसतं.
हे पुस्तकात आहे, मी शिकवत नाही, वेळ पुरत नाही.

"बेन, बीकर थई ग्या."
मी म्हणते, "ठेवा तिथे."
ते ठेवतात.
ओल्या काचेवरून हात पुसतात,
माझ्याकडे बघत नाहीत,
त्यांच्या डाव्या मनगटावर तीन पांढरट वळ.