तिसरं घर

वॉसॉ, विस्कॉन्सिन. जानेवारीचा दुसरा आठवडा.
किल्ली फिरवली तर ब्युइकनं नुसतं 'टक्' केलं,
नको म्हणताना जीभ टाळूला लावतात तसं.
शिरीष मिलवॉकीला. घरात मी आणि मामंजी,
जे सहा आठवडे खिडकीशी बसून होते
आणि विचारलं तर म्हणायचे, बरंय.

शेजारचे व्हर्न लिंडक्विस्ट आले.
एकतीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केलेले हात.
टॉर्च मारून म्हणाले, गोठलीय ही.
गोठलेलीला चार्जर लावायचा नाही, फुटेल.
आधी तिला माणसात आणा.

मग एक रात्र, एक दिवस
तळघरात प्लास्टिकच्या घमेल्यात ती उभी.
मामंजी तीनदा जिना उतरून
व्यायला टेकलेली गाय बघावी तसे बघून आले.
चारी बाजू तपासल्या. फुगवटा नाही, चीर नाही.

गॅरेजचं दार हातभर वर ठेवलं,
थंडी पायांत शिरली तरी तसंच.
चार्ज होताना जो वायू निघतो
तो दिसत नाही, वास देत नाही,
फक्त ठिणगीची वाट बघतो, व्हर्न म्हणाले.
मामंजींनी न सांगता काडेपेटी
स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली.

चष्मे चढवले. हातमोजे घालणार,
तोच व्हर्ननी माझ्या गळ्याकडे बोट केलं.
लोखंड काय, सोनं काय,
दोन टोकांना एकदम टेकलं की संपलं.
अकरा वर्षांत वडीलधाऱ्यांसमोर काढलं नव्हतं.
मी मामंजींकडे पाहिलं.
ते सिंकपाशी, बोटाला साबण लावून
तांब्याची अंगठी पिळत होते,
सासूबाईंच्या आजारात कुणीतरी घालायला सांगितलेली.
दोन्ही एका वाटीत ठेवलं.
कुणी काही बोललं नाही.

मग व्हर्ननी काचेची नळी काढली, आत तरंगता काटा,
आणि मामंजींनी ती सरळ हातातूनच घेतली.
अकोल्याच्या दूध संकलन केंद्रावर
सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.
नळी डोळ्यासमोर धरली, श्वास थांबवला.
अकराशे वीस.
"पाणी घातलंय यात!"
घर दणाणलं.

व्हर्न ठसका लागेस्तोवर हसले.
कुणी घातलं नाही म्हणाले,
जे जड होतं ते शिशात जाऊन बसलंय.
हळू चार्ज केलं तर बाहेर येईल.
घाई केली तर नुसतं उकळेल.

चार्जर बंद असतानाच लाल चिमटा, मग काळा,
आणि सगळ्यात शेवटी भिंतीत प्लग.
दोन अँपिअर.

रात्र, दिवस, पुन्हा रात्र.
मामंजींनी वही आखली, सहा घरांचे सहा रकाने.
प्लग काढायचा, थांबायचं, टोपणं उघडायची,
नळी भरायची, आकडा, वेळ, सही.
सही कशाला, मी विचारलं नाही.
पट्ट्या बुडेपर्यंत बाटलीतलं शुद्ध पाणी त्यांनी आधीच घातलेलं,
बाकीचं शेवटी; नळाचं नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या सकाळी पाच घरं बाराशे साठच्या वर.
तिसरं घर बाराशे दहावर अडलेलं.
व्हर्ननी मान हलवली. जाणार ही, नवी घ्या.
मामंजी म्हणाले,
"एका आचळाला दूध कमी म्हणून गाय विकतात का?"
आचळाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना.
मी हातानंच दाखवलं.
व्हर्न डेअरीवरच वाढलेले.
बराच वेळ बॅटरीकडे बघत राहिले,
मग म्हणाले, या थंडीपुरती ठेवा.

प्लग काढला, मग काळा, मग लाल.
ब्युइक पहिल्याच किल्लीला उठली.
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, आरशात बघून,
मी मंगळसूत्र घातलं.

अंगठी अजून वाटीतच आहे.
वाटी त्यांनी काल घासून परत तिथेच ठेवली,
अंगठीसकट.