हार

डंडीत समुद्रावरून धुकं चढून येतं
त्याला इथले लोक हार म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.
आपल्याकडे एक हार घालतात,
दुसरी पत्करतात.
हा तिसरा,
खिडकीशी येऊन नुसता उभा राहणारा.
आज त्याने टे नदीवरचा पूल
मधेच संपवलाय.

डॉक्टर म्हणाली, वाटाण्याएवढं.
मी मनात म्हटलं, साबुदाणा. न भिजलेला.
दुखतं का? नाही.
टाइप करता करता ती जरा थांबली,
दुखायला हवं होतं की काय.
मग म्हणाली, दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी,
आणि हे बघ, बहुतेकदा काही नसतं.
त्या "बहुतेकदा"वर
नऊ दिवस काढलेत मी.

तिने तो शब्द सहज उच्चारला,
कोपर म्हणावं तसा.
माझ्याकडे मराठीत दोनच:
एक जीवशास्त्राच्या पुस्तकातला,
दुसरा शाळेच्या बाकावर कर्कटकाने कोरलेला.
आजारी पडता येईल असा
मधला शब्दच नाही.

तेराव्या वर्षी, लेदर बॉलच्या पहिल्या मॅचआधी
बाबांनी सांगलीहून गार्ड आणलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
टेबलावर ठेवलं. म्हणाले, "ते आतून घालायचं असतं."
आणि मी खाली बसलेला असताना
पंखा बंद करून निघून गेले.
या विषयावर आमचं
एवढंच बोलणं झालंय.

सोमवारी रक्त घेतलं. तीन नळ्या.
दंडावर पफिन गोंदलेली नर्स
माझं आडनाव गजेंद्रगडकर
तीन स्टेशनं घेत, न चुकता म्हणाली
आणि स्वतःवरच खूश झाली.
घरी येऊन मृदुलाने कागद वाचला.
एका हार्मोनच्या नावापाशी
ती फ्रीजला टेकली.
हेच तर शोधतोय ना आपण, म्हणाली,
दर महिन्याला, बाथरूममध्ये, त्या कांडीवर?
दीड वर्ष दुसरी रेघ उमटावी म्हणून,
आणि आता तुझ्यात
सापडू नये म्हणून.
ती हसायला लागली. मग मी.
इतके, की वरच्या मिसेस गिलेस्पींनी
पाय आपटला.
मग कोथिंबीर निवडली आम्ही,
दोघांनी मिळून एकच जुडी,
काड्यासुद्धा निवडल्या.

ऑफिसात मी गेममधल्या दगडांना सावल्या देतो.
कुठल्या दगडाखाली काही नाही
आणि कुठल्याखाली दबा धरून काय बसलंय,
ते दिवसभर मीच ठरवत असतो.

मृदुलाचा नियम:
दिवसातून एकदा, फक्त आंघोळीच्या वेळी.
आणि रात्री दहानंतर फोन तिच्या उशीखाली.
नियम चांगला आहे.
पहाटे तीनला हात आपोआप जातो,
कुलूप लावलंय ना म्हणून
जिना पुन्हा चढणाऱ्या माणसासारखा.
लावलेलं असतं.
म्हणजे, असतं ते.
तिथेच. तेवढंच. की किंचित...
ती कुशीवर वळते. जागी आहे.
काही म्हणत नाही,
थंड पावलं माझ्या पोटरीला लावते
नेहमीसारखी,
आणि नेहमीसारखा मी ओरडतो.

उद्या गुरुवार. पावणेअकरा.
सैल कपडे घालून या, असं पत्रात आहे.
ती खोली कशी असेल, जेल किती गार लागेल,
पडदा कुणाकडे वळवलेला असेल,
याचा विचार आम्ही कधीचा करून ठेवलाय,
फक्त पलंगावर
ती होती.

संध्याकाळी बाबांचा फोन.
काय म्हणतंय तुमच्याकडचं हवामान?
धुकं आहे, म्हटलं.
किती?
पलीकडचं काही दिसत नाही, एवढं.
ते थोडा वेळ गप्प. लाईन गेली वाटलं.
मग म्हणाले,
"गाडी सावकाश चालव. दिवे लावून."

आमच्याकडे गाडी नाही. त्यांना ठाऊक आहे.
हो बाबा, म्हटलं.