सही

दर शनिवारी चारला हॉलचं कुलूप मी उघडते.
खडकी बाजाराच्या मागे, कारखान्याचा भोंगा
जिथं अजून स्पष्ट ऐकू येतो, तिथं आमचं चर्च.
उपासनेची बाकं भिंतीला सरकवलेली,
मधे सतरंजीवर पिशव्या:
तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ,
अर्धा लिटर तेल, चहाची पुडी,
आणि कपड्यांचा साबण.
साबण कुसुमताई आढावांनी वाढवला.
"भूक दिसत नाही गं, मळका शर्ट दिसतो.
तसल्या शर्टात मुलाखतीला कोण उभं करेल?"

वही माझ्याकडे.
नाव, घरी माणसं किती, सही.
आणखी कुठलाच रकाना मी आखला नाही.
कोणी विचारलं तर सांगते,
पट्टी कमी पडली.

पोती शांतवन उचलतो.
भोसरीतलं काम सुटून सात महिने झाले,
पण शनिवारी तो अजूनही
शिफ्टला निघाल्यासारखा घड्याळ बघतो.

त्या दिवशी क्रमांक एकेचाळीस.
इस्त्रीचा शर्ट. खिशाला स्वतःचं पेन.
रांग मोठी होती, नाव मी वाचलंच नाही.
सही पाहिली.

एक उभी रेघ, तिला दोन वेढे,
शेवटी विंचवासारखी वर वळलेली शेपटी.

आमच्या लोखंडी कपाटात,
मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली
एक कागद आहे.
'आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.'
सेवा, हाच शब्द.
त्याखाली ही रेघ, हे वेढे, ही शेपटी.
इतक्यांदा पाहिलीय
की अंधारात बोटानं काढून दाखवीन.

मी वाकले.
समोरची पिशवी सोडून
डाळीची पुडी फाटलेली पिशवी उचलली.
चुकून नाही.
त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली,
सांडणाऱ्या डाळीपाशी गाठ मारली,
म्हणाले, "उपकार झाले, ताई."

रात्री ताटावर डोळे मिटले.
भाकर मागताना 'माझी' म्हणायला
आम्हाला कोणी शिकवलंच नाही.
'आमची' म्हणायचं.
त्या एका शब्दात किती माणसं बसतात
ते मोजत राहिले,
आणि पिठलं निवून गेलं.

पुढच्या शनिवारी एकेचाळीस आले नाहीत.
सहा वाजले. साडेसहा.
कुसुमताई म्हणाल्या, वॉचमनला देऊन टाक.
म्हटलं, थांबा जरा.
ती पिशवी मी घरून भरून आणली होती,
डाळीची पुडी दोनदा दाबून बघितलेली.

शांतवन हात पुसत आला.
वहीतल्या नावावर बोट ठेवलं.
"टेंभेकरसाहेब," म्हणाला,
मशीनपाशी उभा असल्यासारखा.
"दापोडीच्या पुलावर भेटले होते.
त्यांच्याही कागदावर कोणीतरी सही केली.
मीच म्हटलं, शनिवारी चारला या."

मला काही सुचेना.
"तू मला सांगितलं नाहीस?"

तो पंप मारावा तसं
रिकामं पोतं दाबून घडी घालत होता.
"काय सांगायचं?
तुझ्या वहीत तो रकाना नाही."

बाहेर स्कूटर तिसऱ्या किकला लागली.
काटा कधीचा तळाला टेकलेला.
मी आत जाऊन एकेचाळीससमोर,
सहीच्या जागी, पेन्सिलीनं लिहिलं:
घरपोच.
मग मागच्या सीटवर बसले,
पिशवी मांडीवर, गाठ वरच्या बाजूला.

"पेट्रोल पुरेल?" मी विचारलं.
"जाताना पुरेल," तो म्हणाला.